श्वास मोजणार कोण?

धानाची चुरणी आटोपते, सकाळी धुके दाटू लागते आणि आमच्या दवाखान्यात खोकणाऱ्या लेकरांची रांग लागते. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आया निमोनिया म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "पोराले डब्बा झाला." श्वास जोरात चालू लागला, पोट भात्यासारखे वरखाली होऊ लागले की तो डब्बा. मेडिकल कॉलेजात हा शब्द आम्हाला कोणी शिकवला नव्हता. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हसलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

नोकरीची पहिलीच वर्षे. या दोन जिल्ह्यांतील एका ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी होतो. दिवेलागणीला एक बाई सात महिन्यांचे मूल घेऊन आली. जंगलातल्या गावाहून निघाली होती, शेवटची बस गाठायची होती. तिने विचारले, "सायेब, डब्बा त नाई ना?" मूल रडत होते. रडणाऱ्या मुलाच्या छातीवर मी क्षणभर नळी टेकवली, सर्दी आहे म्हणालो, खोकल्याचे औषध लिहिले आणि पुढचा कागद ओढला. चौथ्या दिवशी त्याच गावचा माणूस दुसऱ्या कामासाठी आला, तेव्हा कळले की मूल गेले. मी नळी लावली होती, पण श्वास मोजला नव्हता. मोजायला एक मिनिट लागते. रोगाचे नाव तर तिने स्वतःच माझ्या हाती दिले होते.

मागच्या महिन्यात नागभीडच्या एका शिक्षक-वाचकांनी पत्रातून विचारले, "संशोधन संशोधन म्हणतात, त्याचा आमच्यासारख्यांना काय उपयोग? ते तर अमेरिकेत नाहीतर मुंबईत होते." गुरुजी, एक फार मोठे संशोधन आपल्या अंगणात झाले आहे आणि ते याच डब्ब्यावर झाले आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दाम्पत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून परतले आणि १९८६ साली गडचिरोलीत कामाला लागले. चंद्रपूरपासून वेगळा होऊन या जिल्ह्याला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. त्यांची 'सर्च' ही संस्था गावागावांत फिरून मुलांच्या मृत्यूंची नोंद घेऊ लागली, तेव्हा सर्वांत जास्त मुले निमोनियाने जातात असे दिसले. (राणीताईंनी याच भागात स्त्रीरोगांवर केलेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यावर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल.)

या रोगावर औषध होते, स्वस्तही होते. कोट्रायमोक्झॅझोल तेव्हा कुठल्याही औषधदुकानात मिळे. अडचण अशी की औषध तालुक्याला आणि मूल जंगलात. मग औषध गावातच ठेवले तर? डॉक्टरऐवजी गावचा आरोग्यसेवक किंवा निरक्षर दाईच रोग ओळखून ते देऊ लागली तर? हा खरा संशोधनाचा प्रश्न होता.

दाईला एकपासून साठपर्यंत मोजता येत नाही. त्यावर काढलेली युक्ती मला कोणत्याही महागड्या यंत्राइतकी मोलाची वाटते. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्यासोबत मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, कारण दहापर्यंत सगळ्यांनाच येते. दोन महिन्यांखालील बाळासाठी वरची ओळ : पाच हिरवे मणी, सहावा लाल. मोठ्या मुलासाठी खालची : चार हिरवे, पाचवा लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर निमोनिया, औषध सुरू करा. श्वासाच्या वेगावरून निमोनिया ओळखण्याची ही रीत फ्रँक शॅन या डॉक्टरांनी न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखात मुले तपासून पुढे आणली होती. तिथेही एक्स-रे नव्हता, इथेही नव्हता.

५८ गावांत ही व्यवस्था केली. शेजारची ४४ गावे तुलनेसाठी घेतली, तिथे सरकारी सेवा पूर्वीसारखीच चालू राहिली. १९९० साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात निष्कर्ष छापून आले. तुलनेच्या गावांत निमोनिया झालेल्या शंभर मुलांपैकी तेरा-चौदा दगावत होती, तर उपचाराच्या गावांत शंभरात एकही पुरते नाही.

पुढे १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांसाठी असेच काम झाले. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करीत, त्याला उबेत ठेवायला शिकवीत आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली तर जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. तिथे हजारी ६२ असलेले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. तुलनेच्या ४७ गावांत ते ५८ होते, ते ५९.६ झाले. हेही 'लॅन्सेट'मध्येच, १९९९ साली आले.

इथे गुरुजी विचारतील, आणि विचारलेच पाहिजे, की त्या ४७ गावांतल्या लेकरांचे काय? ती मरत असताना नुसती मोजायची का? मी बरीच वर्षे याचा विचार केला आहे. तुलना नसती तर कोणीही म्हटले असते की त्या वर्षी पाऊसपाणी बरे झाले, रस्ता झाला, म्हणून मृत्यू घटले. "अडाणी बाई इंजेक्शन देते" म्हणून नाक मुरडणाऱ्या आम्हा डॉक्टरांना तर तेवढे निमित्त पुरले असते. तेव्हा तुलना हवी होती, असे माझे मत आहे. तरीही तो ५९.६ चा आकडा मला सहज वाचता येत नाही. प्रत्येक घरी बाळंतीण होती.

पण त्या तीन वर्षांपेक्षा मला नंतरची वर्षे जास्त बोचतात. निष्कर्ष आले १९९९ मध्ये. आशाताईंनी घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासण्याचा कार्यक्रम केंद्र सरकारने देशभर सुरू केला तो २०११ मध्ये. बारा वर्षे! या काळात तुलनेची गावे ४७ नव्हती, उरलेला सारा देशच तुलनेचा होता. आणि कार्यक्रम आला तोही अर्धा. बाळ ४२ दिवसांचे होईपर्यंत सहा-सात भेटी, त्यांचे मिळून सुरुवातीला २५० रुपये. इंजेक्शन मात्र आशाच्या हाती दिले नाही. २०१४ च्या सूचनांनी ते एएनएमना देता येऊ लागले, तेही ठरावीक परिस्थितीत. पावसाळ्यात नाल्यापलीकडे एकटी आशाच असते, एएनएम अलीकडे. ज्या बायांनी आपल्याच जिल्ह्यात सुई चालवून मुले वाचवून दाखवली, त्यांच्याच बहिणींवर विश्वास ठेवायला आपण कचरतो. चांगले प्रशिक्षण द्या, देखरेख ठेवा, पुरेसा मोबदला द्या. त्या गावांत देखरेख कडक होती, म्हणूनच ते साधले, हे मला मान्य आहे. पण देखरेख करणे अवघड, म्हणून औषधच द्यायचे नाही, हा कुठला न्याय?

आणि आम्ही डॉक्टर? पुढच्या दवाखान्यातून माझ्याकडे येणाऱ्या लेकरांच्या कागदांवर तीन-तीन औषधे आणि एखादे सलाईन लिहिलेले असते. श्वासाचा आकडा क्वचितच असतो.

तोवर घरी हे करा. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगावरचा कपडा वर करून पोटाकडे पाहा. सेकंदकाटा असलेले घड्याळ किंवा मोबाइल घ्या आणि पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी दाखवा. या वयात आता बहुधा अमॉक्सिसिलिन देतात. ते सांगितलेले दिवस पूर्ण द्यायचे, खोकला थांबला म्हणून बाटली फडताळात ठेवायची नाही. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, आकडी आली असेल किंवा हाक मारूनही जागे होत नसेल, तर आकडा कितीही असो, मोजत बसू नका. १०८ ला फोन करा. आणि दवाखान्यात पोहोचल्यावर मोजलेला आकडा डॉक्टरांना आधी सांगा, नाव-गाव मागून.