मागणीची वही

सन २०१० च्या फेब्रुवारीत गूगल कंपनीने अमेरिकेत अतिवेगवान इंटरनेटचे जाळे उभारण्याचा मनोदय जाहीर केला आणि गावागावांत चढाओढ लागली. टोपेका शहराने तर मार्च महिन्यापुरते स्वतःचे नावच 'गूगल' ठेवले. अकराशेहून अधिक गावांनी अर्ज केले. मान मिळाला तो टोपेकापासून जवळच्या कॅन्सस सिटीला.

पुढील हकिगत अधिक बोधप्रद आहे. २०१२ मध्ये कंपनीने त्या शहराचे लहान विभाग पाडले व अट घातली, की जेथील पुरेशी कुटुंबे दहा डॉलर भरून आगाऊ नोंदणी करतील, तेथेच तार येईल. सधन वस्त्यांची नोंदणी भराभर झाली. गरीब वस्त्या मागे पडल्या. तेव्हा शिक्षक, ग्रंथपाल व स्वयंसेवक दारोदार फिरले. काही गरजूंचे शुल्क इतरांनी भरले.

वैतरणा आणि केळवे रोड या स्थानकांमधील सफाळे ही भोवतालच्या गावपाड्यांची बाजारपेठ. येथील दुकानदाराचे जीएसटीचे विवरणपत्र आणि यूपीआयने येणारा गल्ला, दोन्ही आता इंटरनेटवर अवलंबून आहेत. २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे 'भारतनेट' नाव मिळालेल्या केंद्रीय योजनेचे उद्दिष्ट ग्रामपंचायतीपर्यंत तार नेण्याचे. तेथून दुकानाच्या गल्ल्यापर्यंतचे अंतर बहुधा खासगी पुरवठादारालाच कापावे लागते. रस्त्याच्या कडेने तार टाकण्याचा खर्च गिऱ्हाईक एक असो वा शंभर, जवळजवळ तेवढाच येतो. म्हणून पुरवठादार गावाची हौस पाहत नाही; दरमहा किती पैसे निश्चित येतील, हे पाहतो.

हा हिशेब व्यापाऱ्यास शिकवावा लागत नाही. लाभपंचमीला जमाखर्चाची नवी वही उघडताना बाजारपेठेने मागणीचीही एक वही उघडावी. तीत प्रत्येकाचे नाव, जागा आणि दरमहा किती देण्याची तयारी आहे, एवढेच लिहावे. ती घेऊन किमान दोन पुरवठादारांकडून दर मागवावेत; गाव एकालाच बांधून देऊ नये. रस्ता खोदण्याच्या परवानगीचे आणि तो पूर्ववत करून घेण्याचे आधीच ग्रामपंचायतीशी बोलून ठेवावे.

मात्र वहीत केवळ पेढ्यांचीच नावे असतील, तर तार बाजारपेठेतच थांबेल. पाड्यावरची शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि ज्यांना मासिक शुल्क झेपणार नाही अशी घरे यांच्यासाठी पहिले पान राखावे. त्यांचा भार कोणी किती उचलायचा, हे त्याच बैठकीत ठरावे. उरलेली पाने भरावयास बाजारपेठ समर्थ आहे.