'डॉक नंतर लिहू'

'डॉक नंतर लिहू' हे वाक्य मी असंख्य पुल रिक्वेस्टींखाली वाचलंय आणि त्यातली बरीचशी वाक्यं माझीच आहेत. त्यामुळे हे भांडण आधी स्वतःशी.

मी काम करायचे त्या कंपनीत टेस्ट सर्व्हरवरचा जुना डेटा साफ करणारी एक कमांड होती. मीच लिहिलेली. टर्मिनलमध्ये नुसती चालवली की काय काय पुसलं जाईल याची यादी दाखवायची. पुढे दोन डॅश देऊन एक फ्लॅग लिहिला, तरच खरोखर पुसायची. दर वेळी तो फ्लॅग टाइप करायचा सगळ्यांना कंटाळा. एका शुक्रवारी मी उलटं केलं: नुसती चालवली की पुसणार, यादी हवी असेल तर 'ड्राय-रन' लिहा. कोडमध्ये सात-आठ ओळींचा बदल. रिव्ह्यू दहा मिनिटांत झाला, मर्ज झालं, मी घरी गेले. डॉकचं पान तसंच राहिलं. त्यावर ठळक अक्षरांत माझंच वाक्य होतं: 'फ्लॅगशिवाय चालवल्यास काहीही पुसलं जात नाही.'

तीन महिन्यांनी एक मुलगा नवीन लागला. पहिलीच नोकरी. आम्ही सगळे नव्या माणसाला जे सांगतो तेच त्याला सांगितलं होतं: आधी डॉक वाच, मग विचार. त्याने वाचलं. कमांड चालवली. चार टीमचा टेस्ट डेटा गेला आणि तो परत उभा करायला दोन दिवस लागले.

मीटिंगमध्ये त्याला विचारलं गेलं, "चालवायच्या आधी कुणाला विचारायचं नाही का?" तो म्हणाला, "सर, डॉकमध्ये लिहिलं होतं." कुणीतरी हसलं. 'डॉकवर कोण विश्वास ठेवतं' असं ते हसणं होतं. मी गप्प बसले. संध्याकाळी मॅनेजरला एकटीने जाऊन खरं सांगितलं, पण मीटिंगमध्ये नाही. ते मला अजून टोचतं.

माझा राग त्या हसण्यावर आहे. जुन्या माणसांना शिळं डॉक बाधत नाही. कुठलं पान खरं, कुठलं मेलेलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. शिवाय त्यांच्या शेजारी विचारायला माणसं असतात. फटका बसतो तो नव्याला, घरून एकटं काम करणाऱ्याला, मीटिंगमध्ये इंग्रजीत प्रश्न विचारायला बिचकणाऱ्याला. ज्याच्याकडे फक्त ते पान आहे, त्यालाच आपण खोटं पान देतो. वर त्याचीच अक्कल काढतो.

हे फक्त एका कंपनीचं दुखणं नाही. कुबरनेटीसमधली 'क्यूबसीटीएल रन' ही कमांड घ्या. आधी ती डिफॉल्टने डिप्लॉयमेंट बनवायची. 2020 साली आलेल्या 1.18 आवृत्तीपासून ती फक्त एक पॉड बनवते. किती प्रती हव्यात हे सांगणारा 'रेप्लिकाज' फ्लॅग तेव्हा निकामी झाला. बदल योग्यच होता, एकाच कमांडवर फार कामं लादली होती. पण जुनं ट्यूटोरियल उघडून तीन प्रती मागणाऱ्या पोराला एकच पॉड मिळाला. फ्लॅगचा उपयोग नाही असा इशारा स्क्रीनवर यायचा, तरी कमांड पूर्ण व्हायची. मोठ्याने फुटणारी चूक परवडते. ही असली गुपचूप वेगळं काहीतरी करणारी चूक शोधण्यात रात्र जाते.

'कोड हेच डॉक्युमेंटेशन' म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय: लिफ्ट वापरण्याआधी तुम्ही तिचं वायरिंग बघता का? दुसरा गट म्हणतो, हेल्पच्या मजकुरातून डॉक आपोआप तयार करा. जरूर करा, त्याने फ्लॅगची नावं तरी खरी राहतात. पण ही कमांड कधी चालवू नये, हे कुठलं यंत्र लिहिणार? ते चालवून पस्तावलेल्या माणसानेच लिहावं लागतं. आणि 'आता एआयला विचारतात सगळे' हे तर सगळ्यात गमतीचं. त्याच्यासमोर तुमचं शिळं पान ठेवलंत, तर तेच तो शुद्ध भाषेत आणि जास्त आत्मविश्वासाने सांगेल.

युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर 1971 चं. त्यात कमांडच्या पानावर 'बग्ज' असा भाग असायचा, म्हणजे आमची कमांड कुठे चुकते हे आम्हीच लिहितोय. शेवटी 'ओनर' म्हणून मालकाची आद्याक्षरं. डेनिस रिची असेल तर 'डीएमआर'. पन्नास वर्षांनंतर आपल्या विकीच्या पानांना मालक नाही, आणि चुका कबूल करायची तर आपल्याला लाजच वाटते.

वेळ नाही, हे कारण मी मानत नाही. माझ्या त्या बदलात डॉकचं एक वाक्य बदलायचं होतं. एक! ते कोडशेजारी, त्याच रेपॉझिटरीत असतं, तर रिव्ह्यू करणाऱ्याला दिसलं असतं. रस्ट भाषेत डॉकमधली उदाहरणं टेस्टबरोबर चालवली जातात. उदाहरण मोडलं की टेस्ट लाल होते. आपल्या कमांडच्या उदाहरणांसाठी असं काही उभं करायला एखादा दिवस लागेल. आमचे दोन दिवस तसेही गेलेच होते. आणि फ्लॅग बदलला पण डॉक नाही, अशी पुल रिक्वेस्ट मर्ज करू नका. सीनियरची असेल तर मुळीच नको. जुनं पान दुरुस्त करायचं नसेल, तर ते उडवून तरी टाका. पान नसलं की माणूस निदान कुणाला तरी विचारतो.

आम्ही ती कमांड परत पहिल्यासारखी केली. पान रेपॉझिटरीत हलवलं, शेवटी 'त्रुटी' असा भाग घातला आणि त्यात हा किस्सा तारखेसकट लिहिला. मालक म्हणून माझं नाव. तो मुलगा पुढे माझ्याच कोडचे रिव्ह्यू करायला लागला. त्याची पहिली कमेंट एका शब्दाची होती: 'डॉक?' मी चिडले, मग पान उघडलं. त्या दिवशी मर्ज व्हायला रात्रीचे साडेआठ वाजले.