आळशी म्हणू नका!

दिवाळीच्या फराळाला चकली जशी हवी, तशी आमच्या घराघरांतून कॉलेजात जाणाऱ्या मुलाची उलटतपासणीही हवीच. ताटात अनारसा पडतो न पडतो तोच काका विचारतात, "काय चिरंजीव, प्रोजेक्ट कुठवर आलं?" चिरंजीव मान खाली घालतात. मग आत्याबाई म्हणतात, "हल्लीची मुलं आळशीच मेली!" आणि खटला निकालात निघतो. या निकालाविरुद्ध मला अपील करायचे आहे.

पस्तीस वर्षे मी कॉलेजात शिकवले. खरा आळशी विद्यार्थी मला क्वचितच भेटला. आळशी माणूस सुखाने झोपतो. चालढकल करणाऱ्याला झोप कुठली? तो टेबल आवरतो, मित्राच्या नोट्स झेरॉक्स करून आणतो, अभ्यासाचे वेळापत्रक तीन रंगांत आखतो. फक्त जर्नल उघडत नाही. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री हाच मुलगा बारा प्रयोग एका बैठकीत उतरवून काढतो! अहो, इतके कष्ट आळशाला झेपतील काय?

त्याला कामाचा कंटाळा नसतो. कोऱ्या कागदासमोर बसले की मनात जी धास्ती उठते, ती त्याला नको असते. ती टाळण्यासाठी तो काम टाळतो. सिरॉइस आणि पायचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली हेच मांडले. चालढकल हा वेळेच्या हिशेबातला घोटाळा नसून, मनाला तेवढ्यापुरते बरे वाटावे म्हणून केलेली पळवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. मोबाईलला शिव्या देणाऱ्यांनी आठवून पाहावे: मोबाईल नव्हता तेव्हा कॅरम होता, आणि कॅन्टीन तर होतेच होते.

आता धास्तीने पळणाऱ्याला चारचौघांत आळशी म्हटले, की धास्ती कमी होते की वाढते? कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांची पाहणी झाली; ती २०१० साली प्रसिद्ध झाली. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केलेल्यांपैकी ज्यांनी स्वतःला मनोमन क्षमा केली, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. आम्ही मात्र मुलाने स्वतःला क्षमा करू नये म्हणून सगळे गणगोत कामाला लावतो! आणि हे न्यायाधीश कोण? प्राप्तिकराचे विवरणपत्र शेवटच्या रात्री भरणारे काका!

"मग काय पोरांना मोकाट सोडायचं?" असे कोणी विचारील. मुळीच नाही. पण 'प्रोजेक्ट' नावाचा अख्खा डोंगर रोज दाखवू नका. कॉलेजांनीही सत्रभर कोणाचे जर्नल न पाहता शेवटी एकाच दिवशी शंभर वह्यांवर सह्या ठोकण्याचा प्रकार बंद करावा. दर आठवड्याला एक प्रयोग, एक सही. कामाचा तुकडा इतका लहान हवा, की त्याची भीती वाटायलाच लाज वाटावी.

तिसऱ्या वर्षाची एक मुलगी दोन महिने निबंधाला हात लावीना. मी तिला म्हटले, "उद्या दहा ओळी आण. पण वाईटच आण. चांगल्या आणल्यास तर वाचणार नाही." दुसऱ्या दिवशी ती चौदा आणून उभी राहिली. त्यांतल्या नऊ मी खोडल्या. उरलेल्या पाचांवरून तिने पुढचे पान माझ्यासमोरच लिहायला घेतले.