कोऱ्या दिवसाचे आरक्षण

परवा जेवणे आटोपल्यावर सूनबाईंनी उन्हाळ्याच्या सुट्टीचा बेत वाचून दाखवला. अकरा दिवस, सहा गावे, सगळा प्रवास रेल्वेने. प्रत्येक गाडीचा नंबर, सुटण्याची वेळ, हॉटेलचे नाव, सगळे फोनमध्ये चौकटी आखून लिहिलेले. चिरंजीव खूश, नातवंडे त्याहून खूश. मी मात्र गप्प बसलो. अशी चौकटींची वही मी स्वतः एकदा लिहिली आहे, आणि तिच्यापायी काय झाले ते मला पाठ आहे.

१९९३ सालचा मे महिना. मी तेव्हा सोलापुरात बँकेत अधिकारी होतो. बँकवाल्यांना प्रवासभाड्याची सवलत मिळते, तिला आम्ही एलएफसी म्हणतो. ती वाया घालवणे हा आमच्या जमातीत गुन्हाच! मी रेल्वेचे चक्राकार प्रवासाचे तिकीट काढायचे ठरवले. हे तिकीट नियमांत आजही आहे, पण फार थोड्यांना ठाऊक असते. ज्या स्टेशनवरून निघायचे तिथेच परत यायचे, आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचे. अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर कमी होत जातो, त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी तिकिटे काढण्यापेक्षा हे स्वस्त पडते. आरक्षण मात्र प्रत्येक टप्प्याचे वेगळे.

आठ ठिकाणांची मुभा होती, म्हणून मी आठही घेतली. मद्रास, रामेश्वर, मदुराई, कन्याकुमारी, त्रिवेंद्रम, एर्नाकुलम, कोइमतूर, बंगलोर. मंजूर झालेली रक्कम शेवटच्या रुपयापर्यंत उचलणारे खातेदार मी बँकेत पाहत होतो आणि मनात हसत होतो. इथे मी वेगळे काय केले?

देशभरातली आरक्षणाची केंद्रे संगणकाने एकमेकांना जोडली गेली ती १९९९ साली. त्याआधी मधल्या स्टेशनांवरच्या जागांसाठी तारा पाठवाव्या लागत. उत्तर येईल तेव्हा खरे. दीड महिना मी स्टेशनच्या खिडकीवर खेटे घातले आणि सगळे टप्पे पक्के करून दाखवले. सोळा दिवसांत एकही रिकामी रात्र नाही, याचा मला केवढा अभिमान होता!

बरोबर बायको, आठ आणि पाच वर्षांची दोन मुले आणि आई. आई त्रेसष्ट वर्षांची, गुडघ्यांनी त्रासलेली. तिने या बेतात एकच गोष्ट मागितली होती. आमच्या देवघरात डाख लावून बंद केलेला तांब्याचा गडू होता, तिच्या सासूबाईंनी काशीहून आणलेला. त्यातली गंगा रामेश्वराला घालायची, एवढेच.

मद्रास सेंट्रलला ब्रॉडगेजची गाडी सोडायची आणि सामान घेऊन एग्मोरला जायचे, कारण तिथून पुढे तेव्हा मीटरगेज. अंतर थोडे, पण मेमधल्या मद्रासच्या दुपारी दोन होल्डॉल, एक वळकटी आणि पेंगुळलेली मुले घेऊन ते कापायचे म्हणजे काय, हे वहीत कुठे लिहिलेले नसते. रामेश्वरची गाडी चार तास उशिरा पोचली. पांबनचा पूल मुलांनी डोळे भरून पाहिला. आई डोळे मिटून बसली होती. आम्ही देवळापाशी गेलो तेव्हा दुपारचे दरवाजे बंद होत होते. ते उघडल्यावर बावीस तीर्थांची स्नाने झाली, जवळजवळ पळतपळत. गंगेचे आता उद्या सकाळी, असे पुजाऱ्यांनी सांगितले. आमची गाडी संध्याकाळची.

आई म्हणाली, "एक दिवस राहू या का रे?"

मी ओल्या पायऱ्यांवर उभा राहून तिला वही दाखवली. इथे एक दिवस वाढला तर मदुराई चुकते, मदुराई चुकली तर कन्याकुमारी, आणि तिथून पुढचे सगळे आरक्षण वाया. एकेका टप्प्यावर बोट ठेवून समजावले. आईने ऐकून घेतले आणि म्हणाली, "बरं. परत येऊ कधीतरी." त्यानंतरची सहा गावे तिने पाहिली की नुसती सोसली, कोण जाणे. १९९७ साली ती गेली. गडू देवघरात तसाच आहे.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की सहलीचा बेत आखणारा माणूस हा बहुधा घरातला सगळ्यात धडधाकट माणूस असतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो. पहाटे साडेतीनला उतरायचे, जिना चढून दुसऱ्या फलाटावर जायचे, हे त्याला सहज जमते म्हणून तो ते सगळ्यांच्या नावावर लिहून टाकतो. बेत आखावा तो घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पायांनी. मग सहाची तीन गावे होतात. होऊ द्यावीत. प्रत्येक ठिकाणी निदान दोन रात्री, लागोपाठ दोन रात्री गाडीत नकोत, आणि मधे कुठेतरी एक दिवस असा, की ज्यावर काहीच लिहिलेले नाही. उशीर झाला तर तो भरून काढतो, एखाद्या पोराला ताप आला तर निजू देतो.

वाचक म्हणतील, आता तारा कुठे आहेत? घरबसल्या तिकीट मिळते, रद्दही होते. खरे आहे. पण गाडीची वेळ जवळ येते तसा रेल्वे परताव्याचा हात आखडता घेते, आणि सुट्टीत पुढच्या गाडीची प्रतीक्षायादी पाहून कोणीही बेत बदलायला धजत नाही. पूर्वी एकशेवीस दिवस आधी आरक्षण होई. नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस. त्यामुळे साठाव्या सकाळी जे मिळेल ते झडप घालून घ्यायचे, अशी आपली सवय झाली आहे. त्यात मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची भाडेसवलत थांबली. म्हाताऱ्यांचे पूर्ण भाडे, खालच्या बर्थची काळजी, आणि सहा गावांची धावपळ असे समोर आले, की कोणीतरी हळूच म्हणते, "आजींना नाही झेपायचं." आजी मग घर राखतात. आजींना झेपेल असे काय आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

हे सगळे मी त्या रात्री बोललो. थोडे जास्तच बोललो असेन, निवृत्त माणसाला तेवढे चालते. सूनबाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी नवा बेत आला: रामेश्वर तीन रात्री, मदुराई दोन, बस्स. जुना पांबन पूल आता वापरात नाही, एप्रिल २०२५ मध्ये शेजारचा नवा पूल सुरू झाला, तोच नातवाला पाहायचा आहे. तिसऱ्या दिवसाची चौकट कोरी पाहून त्याने विचारले, "आजोबा, इथं काय बघायचं?" मी त्याला देवघरातला गडू काढून हातात दिला. त्याने तो कानाशी धरून हलवून पाहिला. आत अजून पाणी वाजते.

सकाळी आठला आरक्षण उघडते. सूनबाईंनी फोनला पावणेआठचा गजर लावून ठेवला आहे.