विश्लेषण : राजधानी राखेखाली गेली, आठवणी कोण जपणार?

कॅरिबियन समुद्रातील माँटसेराट बेटाची राजधानी कोणती? कागदोपत्री आजही उत्तर आहे प्लिमथ. प्रत्यक्षात त्या शहरात एकही माणूस राहत नाही. ज्वालामुखीने ते राखेखाली गाडले. मात्र तेथील गल्ल्या, दुकाने, शेजारी आठवणारी माणसे अजून आहेत. त्यांच्याकडची माहिती वेळेत नोंदवली जाणार का, हा आजचा खरा प्रश्न आहे.

नेमके काय घडले?

माँटसेराट हा ब्रिटनच्या अखत्यारीतील सागरापारचा प्रदेश. क्षेत्रफळ जेमतेम १०२ चौरस किलोमीटर. बेटाच्या दक्षिण भागातील सूफ्रिएर हिल्स हा ज्वालामुखी १८ जुलै १९९५ रोजी जागा झाला. बेटाच्या लिखित इतिहासात त्याच्या उद्रेकाची नोंदच नव्हती. शहर, बंदर आणि सुपीक शेती त्याच्याच परिसरात वाढली होती. प्लिमथ रिकामे झाले, लोक परतले, पुन्हा बाहेर पडले. एप्रिल १९९६ मध्ये शहर सोडले ते कायमचे. २५ जून १९९७ रोजी तापलेली राख, वायू आणि दगडांचे लोट डोंगरउतारावरून आले आणि १९ जणांचा बळी गेला. धोका माहीत असूनही शेतीसाठी बंदी असलेल्या भागात काही जण थांबले होते. पुढे विमानतळही नष्ट झाला.

लोक कुठे गेले?

उद्रेकापूर्वी बेटावर सुमारे ११ हजार लोक होते. त्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश बेट सोडून गेले. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४,९२२ भरली. राहिलेल्यांनी सुरुवातीला उत्तरेकडील चर्च आणि शाळांमध्ये आसरा घेतला. आता सरकारी कारभार तेथील ब्रेड्समधून चालतो.

बाहेर पडलेले अँटिग्वा, ब्रिटन, अमेरिकेत विखुरले. कॅरिबियनमधील इतर ब्रिटिश प्रदेशांप्रमाणे माँटसेराटच्या रहिवाशांनाही २००२ मध्ये पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. अमेरिकेने मात्र दिलेले तात्पुरते संरक्षण २००५ मध्ये काढून घेतले. कारण असे की, उद्रेक नजीकच्या काळात थांबण्याची चिन्हे नाहीत, म्हणजे संकट ‘तात्पुरते’ उरलेले नाही! घरी परतता येत नाही, म्हणूनच इथेही राहता येणार नाही, असा हा हिशेब.

आठवणींना इतिहास म्हणायचे का?

म्हणायलाच हवे, आणि याचे उदाहरण माँटसेराटमध्येच आहे. तेथे १७ मार्चला सार्वजनिक सुट्टी असते. सतराव्या शतकात आयरिश लोक येथे वसले, त्यामुळे हा निव्वळ आयरिश सण वाटतो. पण १७६८ मध्ये याच दिवशी गुलामांनी उठावाचा बेत आखला होता. मालक सणाच्या मेजवानीत गुंतलेले असतील, असा त्यांचा अंदाज होता. बेत फुटला आणि नऊ जणांना फाशी झाली. स्थानिक इतिहासकारांनी हा प्रसंग पुन्हा लोकांसमोर आणला आणि १९८५ पासून सुट्टी सुरू झाली. मालकांच्या दप्तरात जो गुन्हा होता, तो बेटाच्या स्मरणात स्वातंत्र्याचा प्रयत्न ठरला. नोंद कोण करतो, यावर इतिहासाचा अर्थ बदलतो तो असा.

मग आता घाई कशाची?

उद्रेकाच्या वेळी तिशीत असलेले आज साठीच्या पुढे आहेत. त्यांची मुले लंडन किंवा बोस्टनमध्ये वाढली. प्लिमथ त्यांनी पाहिले ते अल्बममध्ये. या अल्बमकडे केवळ घरगुती ठेवा म्हणून पाहणे चूक ठरेल. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीमागे एखादे दुकान दिसते, रस्त्याचे वळण दिसते. शहरच उरले नसेल, तर ती मागची बाजू हाच पुरावा असतो.

उपग्रहचित्रे आणि ड्रोनमुळे गाडलेल्या शहराचा नकाशा बनवता येईल. कोणते छप्पर कुठे होते, हे संगणक सांगेल. त्या छपराखाली कोण राहत होते, बाजाराच्या दिवशी कोण कुठे बसायचे, हे मात्र माणसालाच विचारावे लागेल. फोटो स्कॅन करणे सोपे आहे. पण त्यासोबत नाव, जागा आणि साल नसेल तर ती निव्वळ फाइल उरते. म्हणून बेटाचे सरकार आणि ब्रिटन यांनी पुनर्वसनाच्या खर्चातच या कामाची तरतूद करायला हवी. रस्ते, बंदर, विमानतळ यांना निधी मिळतो आणि तो मिळालाच पाहिजे. तथापि बंदर दहा वर्षांनीही बांधता येते. आज सत्तरीत असलेल्या माणसाची मुलाखत तोवर थांबू शकत नाही.