मुलगी शिकली, मानधनावर लागली

‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ ही घोषणा गावोगावच्या शाळांच्या भिंतींवर आपण वाचत आलो. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे. २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या अनेक मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचीही फी माफ झाली. या निर्णयांचे स्वागतच आहे. पण शिकून बाहेर पडलेल्या मुलीच्या हातात काय पडते?

डी.एड.चेच उदाहरण घ्या. ‘बाईच्या जातीला शिक्षिकेची नोकरी बरी’ म्हणत घरोघरी मुलींना डी.एड.ला घातले गेले. विनाअनुदानित कॉलेजे उदंड झाली. लग्नासाठी साठवलेला पैसा फीमध्ये गेला. आणि २०१२ मध्ये सरकारने शिक्षकभरतीच थांबवली. पवित्र पोर्टलवरून पुन्हा नेमणुका व्हायला २०१९ उजाडले. तोवर किती मुलींची लग्ने झाली, किती जणी खाजगी शाळांत तुटपुंज्या पगारावर राबू लागल्या, याचा हिशोब कोणी ठेवला?

हे नशिबाने घडले नाही. १९९१ मध्ये परकीय चलनाचे संकट आले, नाणेनिधीचे कर्ज आले आणि त्याबरोबर खाउजा, म्हणजे खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण आले. सरकारी खर्चाला कात्री लावणे हे शहाणपण ठरले. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात मराठवाड्यातले जिल्हेही होते. मुली शाळेत याव्यात हा त्याचा एक हेतू होता. पण त्याच काळात राज्याराज्यांत कंत्राटी शिक्षक वाढले. महाराष्ट्रात २००० साली ‘शिक्षणसेवक’ आला. काम पूर्ण शिक्षकाचे, पण पहिली तीन वर्षे पगार नाही, मानधन! प्राथमिक शाळेत ते महिना तीन हजार रुपये होते. ते सोळा हजार व्हायला २०२३ साल लागले. म्हणजे एका हाताने मुलीला शाळेत बोलवायचे आणि दुसऱ्या हाताने तिची उद्याची नोकरी कच्ची करायची.

‘मानधन’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. १९७५ पासून अंगणवाडीताईंना तोच ऐकवला जातो. बाईचे काम म्हणजे सेवा, सेवेला वेतन कसले? अंगणवाडीत रुळलेली ही युक्ती पुढे आशाताईंवर चालली आणि शिकलेल्या लेकींपर्यंत पोचली. आता ती मुलग्यांच्याही दाराशी आली आहे. बाईच्या श्रमाला स्वस्त ठरवू दिले की सगळ्यांचेच श्रम स्वस्त होतात.

यावर सांगितले जाते, तरुणांकडे कौशल्य नाही, आणखी कोर्स करा. डी.एड., टीईटी, अभियोग्यता चाचणी एवढे करूनही मुलगी घरीच बसली असेल, तर कमी काय पडले? कौशल्य की जागा? जागाच भरायच्या नाहीत आणि दोष मुलीच्या माथी मारायचा, ही शुद्ध फसवणूक आहे. अशा घरातला बाप धाकटीला विचारतो, ‘शिकून थोरलीने काय दिवे लावले?’ आणि धाकटीचे लग्न लवकर उरकले जाते. म्हणून नोकरीचा प्रश्न हा स्त्रीप्रश्नच आहे.

हे बदलता येते. अंगणवाडीताईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. बाह्य एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा राज्य सरकारचा निर्णय तरुणांच्या संतापामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये मागे घ्यावा लागला.

तेव्हा आपल्या गटांनी वस्तीतल्या, गावातल्या शिकलेल्या मुलींची यादी करावी: काय शिकली, किती खर्च झाला, आज किती मिळवते. ती यादी घेऊन जिल्हा परिषदेवर जाऊ. रिकाम्या जागा भरा. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन द्या. खाजगी शाळांना कायद्याप्रमाणे पगार द्यायला लावा.

आमच्या लेकींना मान आम्ही देऊ. सरकारने वेतन द्यावे!