बॉयलर की रिॲक्टर?

२३ मे २०२४ रोजी दुपारी डोंबिवली एमआयडीसीच्या फेज दोनमधल्या अमुदान केमिकल्स कारखान्यात स्फोट झाला. काही किलोमीटरवरच्या घरांच्या काचा फुटल्या, दहापेक्षा जास्त माणसे गेली आणि त्यांतल्या काहींची ओळख डीएनए चाचणीशिवाय पटेना. पहिल्या तासाभरात सगळीकडे बातमी होती ती बॉयलर फुटल्याची. नंतर कळले की फुटला तो रिॲक्टर. हा फरक किरकोळ नाही. बॉयलर हा वाफेच्या दाबाचा मामला. त्याचा कायदा वेगळा, त्याचे निरीक्षक वेगळे. रिॲक्टरमध्ये रसायनांची क्रिया चालते आणि सेंद्रिय पेरॉक्साइडांसारखी रसायने तापमान हाताबाहेर गेले की स्वतःच्याच उष्णतेने भडकत जातात. तिथे भांड्याची तपासणी करून भागत नाही, आत काय शिजते आहे ते कळावे लागते.

याच औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये स्फोट झाला होता. बारा मृत्यू, दोनशेहून अधिक जखमी. तेव्हाही पहिल्या दिवशी बॉयलरच म्हटले गेले आणि चौकशीत नाव पुढे आले ते प्रोपार्जिल क्लोराइड या ज्वालाग्राही रसायनाचे. आठ वर्षांच्या अंतराने तीच वसाहत, तोच महिना आणि पहिल्या दिवशी तेच चुकलेले निदान. मधल्या काळात समित्या बसल्या, कारखाने पाताळगंगेला हलवण्याची घोषणा झाली. अशा अपघातांचा अभ्यास हेच ज्याचे काम आहे असा माणूस मात्र एकही तयार झाला नाही.

डोंबिवलीचा हा धोका नेमका कोणाच्या अखत्यारीत येतो? कारखान्याच्या आतली यंत्रे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, बाहेर पडणारे पाणी आणि वायू प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, भूखंड एमआयडीसीकडे, कुंपणापलीकडची वस्ती महापालिकेकडे, आणि स्फोट झाल्यावर गुन्हा पोलिसांकडे. ज्ञानाचीही अशीच वाटणी झाली आहे. रसायन अभियंत्याला रिॲक्टर कळतो, पण कारखान्याच्या भिंतीपर्यंत इमारती कशा आल्या हे नगररचनाकाराला विचारावे लागते. कंत्राटी कामगाराला तापमान चढताना दिसले तरी तो यंत्र बंद का करत नाही, याचे उत्तर कामगारांचा अभ्यास करणाऱ्याकडे आहे. विमा, भरपाई आणि मालकाची जबाबदारी वकिलाकडे. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री पाहायला आले. ही सगळी लक्षणे एकाच दुखण्याची आहेत की वेगवेगळ्या, हे सांगू शकेल असा संशोधक आपल्या एकाही विद्याशाखेत घडत नाही, कारण हा प्रश्न एका विद्याशाखेत मावतच नाही.

मुंब्र्याचे उदाहरण तर अजून ताजे आहे. ९ जून २०२५, सोमवार, सकाळची गर्दीची वेळ. दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चार जण त्याच दिवशी गेले, एक नंतर. रेल्वेच्या बाजूने पाठीवरच्या बॅगेचा धक्का हे कारण पुढे आले. लोहमार्ग पोलिसांनी व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तांत्रिक अहवालाच्या आधारे रुळाच्या देखभालीकडे बोट दाखवले आणि नोव्हेंबरमध्ये दोन अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. त्याच्या निषेधात ६ नोव्हेंबरला सीएसएमटीला रेल्वे कर्मचाऱ्यांचे आंदोलन झाले, लोकल थांबल्या, आणि त्या गोंधळात सँडहर्स्ट रोडजवळ रुळांवरून चालणाऱ्या प्रवाशांचेही प्राण गेले. एका अपघाताच्या कारणांवरून दुसरा अपघात घडला.

दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. आम्हाला खटकते ते हे की प्रत्येक चौकशीने आपापल्या कक्षेतलाच प्रश्न विचारला. रुळाची पातळी, डब्याचा झोल, बॅगेची जाडी, वेळापत्रकातले अंतर, सोमवारच्या गर्दीची दाटी आणि नऊ वीसची गाडी चुकली तर पगार कापला जाणाऱ्या माणसाची घालमेल, हे सगळे एकाच क्षणी त्या वळणावर हजर होते. लगेच उपाय जाहीर झाला तो आपोआप बंद होणाऱ्या दारांचा. पण दार बंद झाले की आत एका चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसे उभी असताना हवा किती उरेल, ठाण्याला गाडी किती सेकंद जास्त थांबेल आणि त्या सेकंदांनी मागच्या किती गाड्या रखडतील? यंत्र अभियंता, शरीरशास्त्रज्ञ आणि वाहतूक नियोजक यांनी एका टेबलावर बसल्याशिवाय याचे उत्तर निघत नाही. त्यापेक्षा चांगले म्हणजे या तिघांची भाषा जाणणारा एक माणूस.

गुन्ह्यांच्या तपासाचीही हीच गत आहे. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी सर्व बारा आरोपींना निर्दोष ठरवले. स्फोटात कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेही सरकारी पक्षाने नोंदीवर आणले नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल पुढच्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत सांगितले. अपिलाचे काय व्हायचे ते होईल. एकोणीस वर्षांनंतर आप्त गमावलेल्या घरांच्या हाती मात्र काहीच नाही, आणि ज्यांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली त्यांच्याही हाती नाही. दुसरीकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. कायदा झाला. इतके तज्ज्ञ येणार कुठून, आणि त्या तज्ज्ञांना शिकवणारे कुठून?

अशी माणसे घडवण्याचा एक प्रयोग लंडनमध्ये झाला. तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २००१ मध्ये जिल डँडो या खून झालेल्या दूरचित्रवाणी निवेदिकेच्या नावाने गुन्हेविज्ञानाची संस्था काढली आणि २००९ च्या सुमारास तिथे सुरक्षाविज्ञानातल्या पीएचडीसाठी स्वतंत्र प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. त्यातला घेण्यासारखा भाग पैशाचा नाही, पद्धतीचा आहे. संगणक, रसायन, मानसशास्त्र, कायदा अशा वेगवेगळ्या वाटांनी आलेले विद्यार्थी आधी एकत्र शिकत आणि मग आपापल्या प्रबंधाकडे वळत.

आपल्याकडे सुरक्षेच्या विषयात अशी अनेक विद्याशाखांची मिळून पीएचडी सुरू करायला नवे विद्यापीठ नको. मुंबई विद्यापीठाच्या ठाणे उपपरिसरात कायद्याचे शिक्षण चालते, कल्याण उपपरिसरात अभियांत्रिकी आणि उपयोजित विज्ञानांचे. पवईला आयआयटीत अंतर्गत सुरक्षेच्या तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र आहे, कलिन्याला राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळा. हे सारे लोकलच्या तासाभराच्या अंतरात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे पीएचडी नियम दुसऱ्या विभागातला, दुसऱ्या संस्थेतलाही सहमार्गदर्शक घेऊ देतात आणि किमान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा करतात. हे बारा श्रेयांक आज बहुतेक ठिकाणी संशोधनपद्धतीची व्याख्याने ऐकून संपतात. त्यांतले निम्मे जरी कारखाना निरीक्षकाबरोबर फेज दोनमध्ये, लोहमार्ग पोलिसांच्या चौकीत आणि कल्याणच्या न्यायालयात घालवले, तर विद्यार्थ्याला पंचनामा म्हणजे काय आणि तो कुठे फसतो हे कळेल.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही: असा विद्यार्थी ना धड रसायनाचा राहतो, ना धड कायद्याचा. म्हणूनच प्रत्येकाचा एक मूळ विषय पक्का हवा. त्याची परीक्षा त्या विषयाच्या कसोटीवरच व्हावी आणि दुसऱ्या विषयाचा मार्गदर्शक नावापुरता नसावा. प्रबंध तपासणाऱ्यांतही दोन्ही बाजूंचे जाणकार असावेत. रसायनाचा विद्यार्थी वकील होणार नाही, पण आपले निष्कर्ष उलटतपासणीत टिकतील अशा रीतीने नमुना कसा गोळा करायचा ते त्याला आले पाहिजे.

खरी अडचण शिक्षणाची नाहीच, कागदांची आहे. अपघातांच्या चौकशीचे अहवाल सरकारी कपाटात राहतात आणि माहिती अधिकाराखाली खेटे घालणाऱ्या नागरिकांमुळे कधीतरी बाहेर येतात. डोंबिवलीतल्या जागरूक रहिवाशांनी हे काम वर्षानुवर्षे स्वतःच्या खिशाला खार लावून केले आहे. संशोधकाला हे अहवाल, रुळांच्या तपासणीच्या नोंदी आणि मृत्यूंच्या नोंदी करारानुसार मिळायला हव्यात, आणि त्यावरचे निष्कर्ष छापण्याचा हक्कही त्या करारातच हवा. ज्या खात्याला निष्कर्ष झोंबतील त्या खात्याच्या परवानगीवर प्रबंध अडून राहणार असेल, तर विद्यार्थी झोंबणारा प्रश्न घेणारच नाही.

शेवटी नोकरी. धोकादायक रसायनांबाबतच्या १९८९ च्या नियमांनुसार कारखान्याबाहेरच्या आपत्तीचा आराखडा तयार ठेवणे हे जिल्हा प्रशासनाचे काम आहे. तो आराखडा लिहिणारा, दरवर्षी तपासणारा आणि डोंबिवली एमआयडीसीतल्या मिलापनगर वस्तीच्या रहिवाशांना समजावून सांगणारा पूर्ण वेळ जाणकार ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात हवा, तसाच कल्याण-डोंबिवली महापालिकेत आणि लोहमार्ग पोलीस आयुक्तालयातही. सेवाप्रवेशाचे नियम मात्र एकाच विषयातली पदवी मागतात. ही अट बदलण्याचे काम शासनाने या पीएचडीच्या पहिल्या तुकडीच्या प्रवेशाबरोबरच हाती घ्यावे. नाहीतर इथे शिकलेली ही मुले चार वर्षांनी परदेशातल्या एखाद्या विमा कंपनीसाठी तिकडच्या कारखान्यांची जोखीम मोजत बसतील.